शिवाजी पार्क : एका मैदानाचा इतिहास

दरवर्षी डिसेंबरच्या आरंभी आमच्या अकोट तालुक्यातील कित्येक माणसे भाकरी बांधून अकोल्याहून मुंबईची गाडी धरतात. माझी आजी त्यांतलीच. तिला अक्षरओळख नाही. पण दादरच्या एका मैदानाची तिला खडान्‌खडा माहिती आहे. "तेथी मैदानात झोपतो आमी, कोनी उठवत नाई," असे ती सांगते. त्या मैदानाचा इतिहास पाहावा, हे तिच्यामुळेच सुचले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत माणसे पटापट मेली, तेव्हा सरकारला हवा-उजेडाची आठवण झाली! १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहतींच्या योजना आल्या आणि शहर उत्तरेस सरकले. पुढे १९२५ मध्ये महापालिकेने हे मैदान लोकांस खुले केले. तेव्हा त्याचे नाव 'माहीम पार्क' होते. चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या अवंतिकाबाई गोखले पुढे नगरसेविका झाल्या. त्यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये ते 'शिवाजी पार्क' झाले. महाराजांचा जन्म १६२७ चा असे तेव्हा पुष्कळजण मानीत. त्या हिशेबाने ते त्रिशताब्दीचे वर्ष. (आज आपण १६३० मानतो. चुकीच्या सालातूनही योग्य नाव मिळू शकते, असे म्हणावे काय?)

मैदान सुमारे २८ एकरांचे. भोवती बसका कट्टा आहे, आमच्या गावच्या पारासारखा. येथील क्रिकेट आणि आचरेकर सर सर्वांस ठाऊक आहेत, म्हणून ते सोडतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत येथे आचार्य अत्रे गरजले; ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा येथेच झाला. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. भोवती राहणाऱ्यांना झोप हवी, हेही खरेच.

परंतु आमच्या वऱ्हाडाचे नाते निराळे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तीच चैत्यभूमी, पार्कपासून चालत जाण्याजोगी. त्या दिवसांत महापालिका मैदानात मंडप घालते, पाण्याचे नळ बसविते. पुस्तकांची दुकाने लागतात. मी सातवीत असताना आजीने तेथून माझ्यासाठी बाबासाहेबांचे चरित्र आणले. दुकानदाराला तिने एवढेच विचारले होते, "माह्या नातवाले हे वाचता येईन का?"

पार्कातली लाल धूळ घरात येते, अशी तेथील रहिवाशांची तक्रार असते. आजीच्या पिशवीतूनही ती आली होती. पुस्तकाच्या बांधणीत अजून आहे.