समुद्रावरचं तेल की भुसा?

शाळेत मराठी म्हणजे माझ्यासाठी आठवड्याचे चार तास होते. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेख मी लिहितेय, कारण मार्चच्या सुट्टीत मी एका माणसावर उगाच आरोप केला. तो आरोप खोटा ठरवायला मला लॅबमध्ये दोन दिवस लागले. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

आम्ही हॉस्टेलच्या सहाजणी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका बंदरावर गेलो होतो. नाव मुद्दामच देत नाही. सकाळी आठची स्नॉर्केलिंगची बोट, वारा जवळजवळ नाही, पाणी काचेसारखं. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर पाण्यावर पिवळट-तपकिरी पट्टे दिसायला लागले. लांबच लांब, एकमेकांना समांतर, कोणीतरी झाडूने ओढल्यासारखे. वासही येत होता, कुजक्या गवतासारखा. मी, थर्ड इयरची भावी इंजिनिअर, सगळ्यांसमोर बोटवाल्या काकांना म्हणाले, "काका, तुमच्या इंजिनातून तेल गळतंय. हे पोल्युशन आहे. यात आम्ही उतरायचं?"

काका म्हणाले, "तां तेल नाय गो बाय. शिमग्याच्या आगेमागे दरवर्षी येता."

माझा विश्वास बसला नाही. बोटीत एक पुण्याचं कुटुंब होतं, त्यांनी लगेच पैसे परत मागितले. काकांनी काही न बोलता दिले. दुपारपर्यंत जेट्टीवर बातमी पसरली, की समुद्रात तेल आलंय. त्या दिवशी दुपारच्या दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या.

मी मात्र पुरावा म्हणून त्या पट्ट्यातलं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून घेतलं होतं. परत येताना जेट्टीजवळच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, तिथलंही एक बाटलीभर घेतलं. हे दुसरं सॅम्पल लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी एस.टी.तच बरणीतलं पाणी गुलाबी झालं! तेल गुलाबी होत नाही, एवढं तर मलाही कळतं. हॉस्टेलला आल्यावर सिव्हिलच्या एन्व्हायर्नमेंट लॅबमधल्या सरांना गळ घातली आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. दिसले ते बारीक दोऱ्यांचे जुडगे, अगदी उदबत्तीच्या पुड्यासारखे. सर म्हणाले, "ट्रायकोडेस्मियम."

हा सूक्ष्मजीव म्हणजे सायनोबॅक्टेरिया. एकेक दोरा अनेक पेशींची साखळी असतो आणि असे कित्येक दोरे मिळून नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा पुंजका होतो. पेशींमध्ये वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून वारा पडला की सगळं वर तरंगून येतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे हा त्याचा मोसम, म्हणजे काकांचा शिमगा बरोबर! पेशी मरायला लागल्या की आतलं लाल रंगद्रव्य पाण्यात उतरतं. माझी बरणी गुलाबी झाली ती त्यामुळे. तांबड्या समुद्राचं नाव यावरूनच पडलं असावं, असं काहीजण मानतात. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या खलाशांनी ऑस्ट्रेलियाजवळ हेच पाहिलं आणि त्याला लाकडाचा भुसा म्हटलं. म्हणजे फसणारी मी पहिली नाही. (तेवढंच समाधान.)

आणि हा जीव नुसता उपद्रवी नाही. हवेतला नायट्रोजन पकडून तो समुद्राला खत पुरवतो. मात्र खूप मोठा बहर एकदम कुजला तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासे गुदमरू शकतात, हेही खरं.

मग ते समांतर पट्टे? मला वाटलं होतं बोटीच्या मागे सांडलेल्या तेलाचे माग. पण त्याचं उत्तर फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. वारा हलका वाहत असला की पृष्ठभागाखाली पाण्याचे लाटण्यासारखे आडवे भोवरे तयार होतात. शेजारशेजारचे भोवरे उलट दिशांनी फिरतात. जिथे दोन भोवऱ्यांचं पाणी एकत्र येऊन खाली जातं, तिथे तरंगणारा सगळा कचरा रांगेत अडकतो. अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाला १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्री शेवाळाच्या अशाच रांगा दिसल्या. त्याने नंतर तलावात प्रयोग केले आणि १९३८ मध्ये हे स्पष्टीकरण छापलं. वारा पडल्यावरही रांगा काही वेळ राहतात. शेवाळ, भुसा, फेस, तेल, काहीही या रांगांत दिसू शकतं. म्हणून पट्टे दिसले एवढ्यावरून तेल ठरत नाही.

आता दुसरी बाटली. त्यातलं पाणी वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून वाळवलं, तर पारदर्शक डाग राहिला. पहिल्या बरणीच्या पाण्याने तसा डाग पडला नाही, आणि रुमालातून गाळल्यावर भुसा रुमालावर राहिला. जेट्टीजवळचं पाणी गाळलं तर रुमालावर काहीच अडकलं नाही, वास फक्त डिझेलचा. म्हणजे तेल होतंच, पण मी बोट दाखवलं तिथे नव्हतं.

इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा, थिन फिल्म इंटरफेरन्स. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास आली की रंग दिसतात. विमानातून तेलगळती पाहणारे लोक रंगावरून जाडीचा अंदाज बांधतात. युरोपातल्या बॉन कराराच्या तक्त्यात रुपेरी-करडी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन आणि इंद्रधनुषी रंग म्हणजे ०.३ ते ५ मायक्रॉन असं दिलंय. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं, तर सुमारे अर्धा एकर पाणी गुळगुळीत झालं. हे त्याने १७७४ मध्ये छापलं. चमचा २ मि.ली. धरा, अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. भागाकार करा, जाडी १ नॅनोमीटर येते. म्हणजे जवळजवळ एका रेणूएवढी!

आता आपला हिशोब. रुपेरी झाक ०.१ मायक्रॉन धरली, तर १ लिटर तेल १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर पाण्यावर पसरतं. एका इंजिनाचं बदललेलं दहा लिटर तेल पाण्यात गेलं तर दहा हेक्टर. उलट बाजूनेही बघा. एवढी मोठी झाक पाहून जहाज फुटलं असं वाटेल, पण ते एका डब्याचं काम असू शकतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एम.एस.सी. चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, तेव्हा शेकडो टन तेल सांडलं होतं. तिथे काळा जाड थर किनाऱ्याला आणि तिवरांना चिकटला, नुसते सुंदर रंग नव्हते.

तुम्हाला कधी असं काही दिसलं, तर वेळ, जागा, वारा कुठून आणि रंग लिहून घ्या. सॅम्पल काचेत घ्या, प्लॅस्टिकला तेल चिकटतं. काळा थर असेल तर हात न लावता तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. रात्री लाटेत निळी चमक दिसली तर ते फॉस्फरस नाही, बहुतेक नॉक्टिल्युका नावाचा जीव असतो. त्याच्यावर वेगळा लेख होईल, सबमिशन संपल्यावर.

काकांचा नंबर पावतीवर होता. फोन करून सॉरी म्हटलं, आणि पुण्याच्या कुटुंबाला परत दिलेले पैसे पाठवते असंही म्हटलं. त्यांनी ते घ्यायला नकार दिला. मग मी जेट्टीजवळच्या तेलाचं सांगितलं. थोडा वेळ ते गप्प राहिले.

"ता आमचाच," ते म्हणाले. "इंजिनाचा जुना तेल टाकूचा खंय, ता सांग."

मी चौकशी केली. त्या जेट्टीवर जुनं तेल जमा करायला एक पिंपसुद्धा नाही. आमच्या मेकॅनिकलच्या दोघांनी झाकण आणि गाळणी असलेल्या दोनशे लिटरच्या पिंपाचं ड्रॉइंग केलंय. ते भरल्यावर नेणार कोण, हे अजून ठरायचंय. अधिकृत रिसायकलर सगळ्यात जवळ कुठे आहे, ते शोधतोय. कुणाला माहीत असेल तर गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. आणि हो, गुलाबी बरणी लॅबमध्येच आहे. झाकण उघडू नका, रूममेटने उघडलं होतं.