ढोकरा कला आणि ऑनलाइन विक्री : एक पाठ

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले. त्यापैकी सध्याच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील उशेगाव हे गाव ढोकरा कामासाठी प्रसिद्ध आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे तंतू गुंडाळून आकृती घडवितात, तीवर पुन्हा मातीचा लेप देतात. साचा भाजला की मेण वितळून निघून जाते व त्या जागी पितळेचा रस ओततात. वस्तू काढण्यासाठी साचा फोडावा लागतो. म्हणून कोणत्याही दोन वस्तू हुबेहूब सारख्या होत नाहीत. या कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पूर्वी हा माल आठवड्याचा बाजार, जत्रा व शहरांतील प्रदर्शने यांतून विकला जाई. आता भ्रमणध्वनीवरून दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचता येते. परंतु तेथे बस्तरचे व बंगालचे ढोकरा काम शेजारीच मांडलेले असते, आणि यंत्रावर ओतलेल्या स्वस्त नकलाही असतात. अशा बाजारात लहान विक्रेत्याने कसे टिकावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

हिशेब प्रथम

उदाहरणादाखल एक दीपलक्ष्मी ९०० रुपयांस विकली असे समजू. विक्रीमंचाची दलाली शेकडा १५ धरल्यास १३५ रुपये, वाहतूक ११०, बांधणी ५५ आणि पितळ, मेण व सरपण मिळून ३०० रुपये. एकूण खर्च ६०० रुपये. उरले ३००. दोन दिवसांचे श्रम धरल्यास रोज १५० रुपये पडले.

आता स्पर्धेच्या भीतीने किंमत ८०० केली, तर दलाली १२० होईल. बाकीचा खर्च तितकाच राहील. हाती २१५ रुपये येतील. किंमत एक-नवमांशाने उतरली, पण कारागिराची कमाई एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. वस्तू परत आल्यास जाण्यायेण्याचे २२० व बांधणीचे ५५ असे २७५ रुपये बुडतात, म्हणजे जवळजवळ एका वस्तूची कमाई जाते. सारांश, किंमतीच्या शर्यतीत यंत्राचा विजय ठरलेला आहे. कारागिराने त्या शर्यतीत उतरूच नये.

मग स्पर्धा कशाने करावी?

एक, सत्य वर्णनाने. वस्तूची उंची, वजन व धातू लिहावा. नैसर्गिक उजेडात चारही बाजूंची छायाचित्रे द्यावीत. "प्रत्येक वस्तू किंचित निराळी असते" हे स्पष्ट लिहिल्यास परत येणारा माल कमी होतो. दोन, मानांकनाने. १९९९ च्या कायद्यान्वये उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. तशी नोंदणी करून मानांकनाचा उल्लेख करावा. तीन, वेळेच्या वचनाने. पावसाळ्यात साचे वाळण्यास विलंब लागतो. जितका माल तयार असेल तितकाच विक्रीस ठेवावा.

कायद्याची बाजू

ऑक्टोबर २०२३ पासून, विक्रीमंचावरून केवळ आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यास, ठराविक उलाढालीपर्यंत, जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र पॅन व नावनोंदणी क्रमांक लागतो. पैनगंगा ओलांडून यवतमाळास माल पाठविणे ही परराज्य विक्री होय. तीस निराळे नियम लागू होतात. म्हणून आरंभीच जाणकाराचा सल्ला घ्यावा.

एकाच मंचावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. दलालीचे दर मंच ठरवितो, कारागीर नव्हे. यास्तव बचत गटाने एकत्र येऊन बांधणी व पाठवणी करावी, नेहमीच्या गिऱ्हाइकांची नोंद ठेवावी आणि जत्रा व प्रदर्शने सोडू नयेत.

शिक्षकांनी वरील हिशेब फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील एखाद्या वस्तूचा तसाच हिशेब करवून घ्यावा. ज्या घरात हिशेबाची वही आहे, त्या घरातील कला पुढच्या पिढीच्या हाती जाण्याचा संभव अधिक असतो.