चुळबुळ्या फिलिप

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात हाइनरिख हॉफमन नावाचे डॉक्टर राहत होते. १८४४ साली नाताळच्या सणाला त्यांना आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे पुस्तक हवे होते. मनासारखे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते तयार केले. पुढे हे पुस्तक छापले गेले आणि त्यात फिलिपची गोष्ट आली.

फिलिप जेवायला बसतो, पण स्वस्थ बसत नाही. तो खुर्ची मागेपुढे झुलवतो. वडील दटावतात. आई काही न बोलता पाहत राहते. अखेर खुर्ची कलंडते. पडता पडता फिलिप मेजावरचे कापड घट्ट धरतो आणि सगळे जेवण खाली येते! आईवडील उपाशीच राहतात.

अशी मुले खरोखर असतात. त्यांचे लक्ष एका कामात टिकत नाही, हातपाय स्थिर राहत नाहीत. डॉक्टर याला 'एडीएचडी' म्हणतात. हा दोष मेंदूच्या वाढीशी संबंधित आहे आणि पुष्कळदा आनुवंशिक असतो. (दटावणारे वडीलही लहानपणी खुर्ची झुलवत असतील!) मूल मुद्दाम तसे वागत नाही.

पण घरात काय होते? आई म्हणते, "दप्तर भर." मूल दोन पावले जाते आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहते. आई पुन्हा सांगते, मग ओरडते. मूल चिडते. शेजारी म्हणतात, "घरात सारखी आरडाओरड! मूल बिघडणारच."

हे खरे आहे का? बार्कली आणि कनिंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी अतिचंचल मुले व त्यांच्या आया यांचे निरीक्षण केले. ते १९७९ साली प्रसिद्ध झाले. औषध घेतल्यावर मुले आईचे अधिक ऐकू लागली. मग आयांचे हुकूमही कमी झाले. औषध मुलांना दिले होते, आयांना नव्हे! म्हणजे आईचे बरेचसे ओरडणे मुलाच्या वागण्यातून आले होते.

तरीही सततच्या रागावण्याने मूल अधिकच हट्टी होते. म्हणून आता आईवडिलांनाही शिकवतात. लांबून हाक मारू नये, जवळ जाऊन एका वेळी एकच काम सांगावे. बसवत नसेल तर मधेच पाणी आणायला उठवावे. काम झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. सकाळच्या कामाची शाबासकी संध्याकाळी दिली, तर ती या मुलांपर्यंत पोहोचत नाही.

स्वाध्याय
(१) फिलिपचे आईवडील उपाशी का राहिले?
(२) शेजाऱ्यांचे म्हणणे तुम्हांला पटते का? कारण लिहा.