प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि बालमधुमेह

मधुमेह हा उतारवयाचा आणि सुखवस्तू माणसांचा रोग आहे, अशी समजूत आपल्या ग्रामीण भागात अजूनही आढळते. प्रत्यक्षात हा रोग वय पाहत नाही आणि सांपत्तिक स्थितीही पाहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतील बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे होत. त्यांच्या शरीरात इन्शुलिन तयार होते. परंतु ते अपुरे पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही. आहार, व्यायाम आणि गोळ्या यांनी हा मधुमेह पुष्कळ काळ आटोक्यात राहू शकतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची गोष्ट निराळी आहे. तो बहुधा बालपणी किंवा तारुण्यात उद्भवतो. त्यात स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. अशा मुलाला बाहेरून इन्शुलिन मिळाले नाही, तर त्याचे प्राण वाचत नाहीत. म्हणून रुग्णाचा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे प्रतिपिंडांची रक्तचाचणी.

विकृतिशास्त्रज्ञाचा शोध

या चाचणीचे मूळ विकृतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. बेल्जियममधील विकृतिशास्त्रज्ञ विली गेप्ट्स यांनी रोग जडल्यानंतर अल्पावधीतच मृत्यू पावलेल्या तरुण मधुमेही रुग्णांच्या स्वादुपिंडांची तपासणी केली आणि १९६५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा २२ रुग्णांपैकी १५ जणांच्या स्वादुपिंडात, इन्शुलिन जेथे तयार होते त्या लँगरहॅन्स द्वीपकांभोवती आणि द्वीपकांमध्ये, पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली त्यांना दिसली. पांढऱ्या पेशी या शरीराच्या रक्षक. त्यांनीच घरातल्या माणसांवर शस्त्र उगारले असावे, असे अनुमान त्यातून पुढे आले.

परंतु जिवंत रुग्णाचे स्वादुपिंड कापून पाहता येत नाही. त्यासाठी रक्तात खूण मिळणे आवश्यक होते. ती १९७४ साली लंडनमध्ये जियान फ्रँको बोटाझ्झो, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. मानवी स्वादुपिंडाच्या अत्यंत पातळ कापावर त्यांनी रुग्णाचा रक्तरस ठेवला आणि चकाकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने पाहिले. रक्तरसातील प्रतिपिंडे द्वीपकांना चिकटलेली आढळली. प्रतिपिंडे म्हणजे परक्या जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी, शरीराने तयार केलेली प्रथिने. येथे मात्र ती स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झाली होती.

प्रतिपिंडांचे लक्ष्य नेमके कोणते, हे कळण्यास आणखी काही वर्षे लागली. इन्शुलिनचे इंजेक्शन कधीही न घेतलेल्या रुग्णांतही इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे १९८३ मध्ये दिसून आले. त्याआधी १९८२ मध्ये ओळखलेले एक प्रथिन म्हणजे गॅड नावाचे विकर होय, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. पुढे आयए-२ आणि २००७ मध्ये झिंकवाहक प्रथिन यांची भर पडली. याच काळात अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात नोएल मॅक्लारेन, विल्यम रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या आप्तांचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. रोगाची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी प्रतिपिंडे रक्तात आढळतात, हे त्यांच्या १९९० मधील निबंधाने स्पष्ट केले.

रोगाची खूण आणि मोजमापाचे साधन

प्रतिपिंडांचा मधुमेहाशी दुसराही एक संबंध आहे. न्यूयॉर्कमधील डॉ. सॉलोमन बर्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ रोझॅलिन यॅलो यांना असे दिसले की, आधी इन्शुलिनचे उपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातून किरणोत्सर्गी इन्शुलिन सावकाश नाहीसे होते. बाहेरून दिलेल्या इन्शुलिनविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्याला धरून ठेवतात, हे त्याचे कारण. या निरीक्षणाचा उपयोग करून त्यांनी रक्तातील इन्शुलिनचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धती शोधली. १९६० च्या सुमारास ती जगापुढे आली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन यांचे १९७२ मध्येच निधन झाले होते.

या पद्धतीशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने असे मोजणी-संच देशात तयार करण्याचे काम हाती घेतले आणि पुढे नवी मुंबईतील वाशी येथून ते देशभरच्या प्रयोगशाळांना पुरविले गेले. परदेशी संचांवरील अवलंबन त्यामुळे कमी झाले.

चाचणी कशी होते

सर्वसाधारणपणे प्रचलित असलेल्या चाचणीत प्लॅस्टिकच्या छोट्या खळग्यांना गॅड प्रथिनाचा लेप दिलेला असतो. त्यांत रुग्णाचा रक्तरस घालतात. प्रतिपिंडे असल्यास ती लेपाला चिकटतात. बाकीचे द्रव्य धुऊन टाकले जाते. नंतर रंग उत्पन्न करणारे विकर वापरले, की रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडांचे प्रमाण यंत्र मोजते. या चाचणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नसते.

प्रतिपिंडांची संख्याही बोलकी असते. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिका येथील १३ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे होती, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना पुढील दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच प्रतिपिंड असलेल्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. रोग काही काळ पुढे ढकलणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून या पूर्वसूचनेचे महत्त्व वाढले आहे.

प्रौढांनाही ही चाचणी उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह समजून गोळ्या चालू असलेल्या काही रुग्णांत, विशेषतः शरीराने कृश असणाऱ्यांत, गॅडविरोधी प्रतिपिंडे सापडतात. त्यांना इन्शुलिनची गरज लवकर लागण्याचा संभव असतो.

चाचणीच्या मर्यादा

ही चाचणी म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे. प्रतिपिंडे आढळली नाहीत, म्हणून पहिल्या प्रकारचा मधुमेह नाहीच, असे म्हणता येत नाही. इन्शुलिनची इंजेक्शने सुरू होऊन काही आठवडे झाले असतील, तर इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडे उपचारामुळेही निर्माण झालेली असू शकतात. आपल्या देशात तर कुपोषणाशी संबंधित आणि स्वादुपिंडात खडे होऊन उद्भवणारा मधुमेहही आढळतो. अशा वेळी सी-पेप्टाइडची तपासणी आणि आनुवंशिक घटकांचा अभ्यास यांची जोड द्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट, हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि इंग्लंडमधील एक्सटर विद्यापीठ यांचे संयुक्त संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय लोकांसाठी तयार केलेली आनुवंशिक मोजपट्टी भारतीय रुग्णांतही मधुमेहाचा प्रकार ओळखण्यास उपयोगी पडते. मात्र आपल्या लोकांतील जनुकीय फरक विचारात घेऊन ती अधिक अचूक करता येईल, असे त्यातून दिसले.

येडशीपासून प्रयोगशाळेपर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे रामलिंगाच्या डोंगरझाडीलगतचे, महामार्गावरचे आणि रेल्वेचे स्थानक असलेले गाव. अशा गावातील मुलाची प्रतिपिंडांची चाचणी गावातच व्हावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याची गरजही नाही. गावात रक्त घेऊन त्यातील रक्तरस वेगळा करता येतो आणि थंड पेटीतून तो मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. निकाल काही दिवसांनी आला तरी चालते.

बोटाच्या टोकावरील एका थेंबाने होणारी साखरेची तपासणी मात्र त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला झाली पाहिजे. लक्षणे असताना कोणत्याही वेळची रक्तशर्करा दर शंभर मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळली, तर तो मधुमेह समजून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रतिपिंडांचा निकाल येईपर्यंत इन्शुलिन थांबवून ठेवणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे होय.

मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात मुलाची तहान उन्हामुळे वाढली, असे सहज मानले जाते आणि तेथेच घात होतो. वारंवार लघवी, अंथरूण ओले करण्याची मोडलेली सवय पुन्हा सुरू होणे, लघवीला मुंग्या लागणे, भरपूर खाऊनही वजन घटणे आणि सततचा थकवा ही लक्षणे एकत्र दिसली, की संशय घ्यावा. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास आणि गुंगी ही धोक्याची घंटा आहे. अशा मुलाला देवऋष्याकडे नेण्यात घालविलेली एक रात्रही महाग पडते.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

मूल दिवसाचे कित्येक तास शिक्षकांच्या नजरेसमोर असते. वर्गातून वारंवार बाहेर जाणारा विद्यार्थी खोडकर आहे की आजारी, हे त्यांनाच प्रथम कळू शकते. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाला वर्गात साखर तपासण्याची, वेळेवर खाण्याची आणि इंजेक्शन घेण्याची मोकळीक असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये परीक्षेच्या वेळी अशा विद्यार्थ्यांना खाद्यपदार्थ जवळ ठेवण्याची अनुमती दिली. हाच दृष्टिकोन प्रत्येक शाळेने ठेवावा. अचानक घाम, थरथर किंवा गोंधळ दिसल्यास, मूल शुद्धीवर असताना, त्याला ताबडतोब साखर किंवा गूळ द्यावा.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात साखर तपासणीच्या पट्ट्या आणि इन्शुलिन उपलब्ध आहे की नाही, याची वेळोवेळी चौकशी करावी. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे आणि त्यात इन्शुलिनची कुपी कोरडी राहील अशा रीतीने ठेवावी, हा उपाय समजावून सांगावा. मुलीला मधुमेह झाला, तर लग्नाच्या चिंतेने तो लपविण्याची प्रवृत्ती दिसते. त्याबाबत गावातील जाणत्यांनी धीर दिला पाहिजे. नियमित इन्शुलिन घेणारी मुले शिकतात, नोकरी करतात आणि संसारही करतात.

विकृतिशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून रोगाची खूण रक्तात शोधून काढली. तिचा लाभ खेड्यातील मुलापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे पहिले पाऊल मात्र प्रयोगशाळेत पडत नाही. ते वर्गात, अंगणवाडीत आणि घराच्या ओसरीवर पडते. तहानलेल्या, सुकत चाललेल्या मुलाकडे पाहून वेळेवर एक थेंब रक्त तपासण्याची दक्षता ज्या गावात असेल, त्या गावालाच या संशोधनाचे खरे फळ मिळेल.