न दुखणारी गाठ

कोलकाता शहराच्या दक्षिण भागात देशबंधू चित्तरंजन दास यांचे निवासस्थान होते. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच त्यांनी ही वास्तू स्त्रियांच्या कल्याणासाठी अर्पण केली होती. तेथे १९२६ मध्ये चित्तरंजन सेवासदन सुरू झाले. त्यातूनच पुढे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. २ जानेवारी १९५० रोजी नोबेल पारितोषिकाच्या मानकरी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज ते चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा भाग आहे.

उपचारांची साधने अशी वाढत गेली. परंतु रुग्णालय कितीही सुसज्ज असले, तरी रोगी तेथे केव्हा पोहोचतो यावर बरेच काही अवलंबून असते. स्तनाच्या कर्करोगात तर हा विलंब बहुधा रोगाच्या स्वरूपामुळेच घडतो. आरंभीची गाठ सहसा दुखत नाही. जे दुखत नाही ते घातक नसावे, असा समज होतो. त्यात संकोचाची व घरच्या कामांची भर पडते आणि महिने निघून जातात. या अवधीत रोगाच्या पेशी काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत आणि तेथून पुढे हाडे, फुप्फुसे किंवा यकृतापर्यंत पोहोचू शकतात.

स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागणे, त्वचेवर खळी पडणे अथवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे. परंतु त्याचा निर्णय घरी करता येत नाही. त्यासाठी हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि गाठीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक असते. रोग लवकर आढळल्यास पुष्कळदा संपूर्ण स्तन न काढताही उपचार करता येतात.

या तपासणीसाठी मोठी यंत्रेच हवीत असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये एका दीर्घ अभ्यासास प्रारंभ केला. त्यात झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांच्यापैकी एका गटातील स्त्रियांना रोगाची माहिती देण्यात आली आणि प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी त्यांचे स्तन हाताने तपासले. या गटात रोग अधिक आरंभीच्या अवस्थेत आढळला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नास वर्षे व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र तशी लक्षणीय घट दिसली नाही.

अर्थात, निकट नातेवाईकांत हा रोग असलेल्या स्त्रियांनी अधिक सावध असावे. परंतु घराण्यात कोणासही तो नसताना होणे, हेच अधिक प्रमाणात दिसते. म्हणून दुखण्याची वाट पाहणे कोणत्याही स्त्रीस परवडणारे नाही.