शत्रूच्या मनातला नकाशा

भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगला की वर्गात एक निराळीच शांतता पसरते. आम्ही तोंडाने सांगितलेल्या गोष्टीवर चौकस मुले शंका काढतात. परंतु नकाशावरील रेषेला उलट प्रश्न विचारणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे. नकाशा म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे सत्य, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. युद्धकाळी राष्ट्रांनी ह्याच समजुतीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. शत्रूचा प्रदेश मोजता येतो. त्याच्या मनात काय आहे हे मोजावयास कोणतीही साखळी पुरत नाही. तरीही ते मनातले राज्य कागदावर काढून दाखविणारे नकाशे अनेक निघाले.

त्यांतील गाजलेला प्रकार ऑक्टोपसचा. १८७७ मध्ये रशिया व तुर्कस्थान यांचे युद्ध पेटले असता लंडनमध्ये फ्रेड रोझ ह्या चित्रकाराने युरोपचा नकाशा काढला. त्यात रशियाच्या जागी एक अवाढव्य ऑक्टोपस बसलेला असून त्याचे बाहू शेजाऱ्यांना विळखा घालीत आहेत. १९०४ साली, रशिया-जपान युद्धात, तीच कल्पना जपानात पोहोचली. आणि तेथे नकाशा काढणारा किसाबुरो ओहारा हा केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी होता! पुढे हाच प्राणी कधी प्रशिया झाला, कधी इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील एका भित्तिपत्रकावर त्याला चर्चिल यांचे तोंड लाभले. अशा चित्रांनी भय उत्पन्न होते खरे. तथापि ते चित्र आहे, हे लहान मुलालाही कळते.

गंभीर चेहऱ्याच्या नकाशाचे तसे नाही. १९३४ साली जर्मनीत निघालेल्या एका नकाशाचा मथळा ‘एक छोटे राज्य जर्मनीला धमकावते’ असा होता. ते राज्य चेकोस्लोव्हाकिया. तेथून निघालेली विमाने जर्मनीवर पसरलेली त्यात दाखविली होती. हा देश जर्मनीच्या कुशीत शिरलेला आहे, हे कोणत्याही शालेय नकाशात दिसतेच; विमाने कोणत्या दिशेने उडवावयाची, हे मात्र चित्रकाराच्या हाती होते. १९३८ मध्ये सुडेटनलँड घेतले ते जर्मनीने, आणि मार्च १९३९ मध्ये प्रागमध्ये शिरले तेही जर्मनीचेच सैन्य.

परंतु असे उद्योग केवळ हिटलरच्याच राज्यात चालत, असे कोणी समजू नये. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक भाषण केले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती, आणि उतरू नये असे मानणारा पक्षही तेथे प्रबळ होता. हिटलरच्या सरकारने तयार केलेला एक गुप्त नकाशा आपल्यापाशी आहे, असे रूझवेल्ट यांनी सांगितले. त्या नकाशात दक्षिण अमेरिकेतील देश मोडून पाच मांडलिक राज्ये केली होती, आणि पनामाचा कालवाही त्यांतील एकात गेला होता. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी नकाशा पाहावयास मागितला. तो दाखविल्यास आणणाऱ्याचा सुगावा लागेल, ह्या कारणास्तव अध्यक्षांनी नकार दिला. जर्मन सरकारने असा नकाशा नाहीच, असे जाहीर केले. पण हिटलरच्या शब्दावर त्या वेळी कोण विश्वास ठेवणार?

गंमत अशी की, ह्या एका बाबतीत जर्मन सरकार बहुधा खरे बोलत होते. हा नकाशा न्यूयॉर्कमधील ब्रिटिश गुप्तचर कचेरीने बनवून अमेरिकनांच्या हाती पोहोचविला, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. विल्यम स्टीफन्सन हे त्या कचेरीचे प्रमुख होते. हिटलरचे संकट खरे होते. अर्धा युरोप त्याने गिळला होता, आणि ब्रिटन अमेरिकेच्या मदतीची वाट पाहत होते. म्हणून ही लबाडी क्षम्य ठरते काय? आमच्या वर्गात ह्या प्रश्नावर दोन तट पडले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ते मिटले नाहीत. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर खऱ्या संकटासाठी खोटा पुरावा उभा केला म्हणजे पुढच्या खऱ्या पुराव्यालाच धक्का बसतो.

तो नकाशा पुढे रूझवेल्ट यांच्या कागदपत्रांत सापडला. त्यावर ऑक्टोपस नाही, तलवार नाही. जर्मन भाषेत मथळा, विमानमार्गांच्या सरळ रेषा, आणि कडेला विमानांच्या इंधनासंबंधी हाताने लिहिलेली टिपणे, एवढेच.