पाऊल टाकण्याआधी



आजचं चिंतन: ज्ञानेश्वरी, अध्याय १३, अहिंसा.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. अमानित्व, अदंभित्व, आणि मग अहिंसा. मूळ श्लोकात हा एकच शब्द आहे. माउली मात्र त्या शब्दापाशी शंभराहून जास्त ओव्या थांबतात. मला हे लक्षण नेहमी सोपं वाटायचं. मी शाकाहारी आहे, डास सोडले तर कोणाला मारत नाही, म्हणजे इथे आपण पास. पुढचं बोला.

गेल्या रविवारपर्यंत असंच चाललं होतं.

आम्ही वाडीत राहतो. बाबांच्या बायपासला तीन महिने झालेत आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. अमरावती रोडवर ट्रकांच्या धुरात काय चालणार? म्हणून रविवारी आम्ही अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जातो. नाग नदी इथल्याच लाव्याच्या टेकड्यांमधून निघते आणि अंबाझरी तलावात येते. तलाव १८७० सालचा. त्याच्या मागे साडेसातशे हेक्टरच्या आसपास गवताळ माळ आणि झुडपी जंगल पसरलंय. आमची वाट मातीची, थोडी चढ-उताराची, फिरून पुन्हा जिथून निघालो तिथेच आणणारी. फार अवघड नाही, पण बागेत फिरण्याइतकी सोपीही नाही. त्याच वाटेवर चालणारे, त्याच वाटेवर सायकलवाले, आणि मध्येच कॅमेरा डोळ्याला लावून पुतळ्यासारखे उभे असलेले पक्षीवाले.

माझ्या हातातल्या घड्याळात त्या दिवशी दहा हजार पावलांचं टार्गेट होतं. कानात इअरफोन, आणि त्यात (हसू नका) ह्याच तेराव्या अध्यायाचं निरूपण. पहिल्या वळणानंतर बाबा मागे पडले. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या हळू चालण्याचा राग येत होता. आजारी माणसाचा असा राग येतो, आणि तो येतो याची लाजही वाटते, म्हणून आपण तो कोणाला सांगत नाही. फक्त थोडं जोरात चालतो.

मागून सायकल आली. तीनदा घंटी वाजवली म्हणे, मला एकही ऐकू आली नाही. अगदी जवळ आल्यावर मी दचकून वाट सोडली आणि बाजूच्या खडकाळ जागेत उतरले. इअरफोन निघाला तेव्हा कळलं की डोक्यावर एक टिटवी केव्हाची ओरडत घिरट्या घालतेय. आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं कोणीतरी ओरडत होतं.

"हलू नको! पाय उचलू नको तिथून!"

बाबा. ते चक्क धावत आले होते. ज्यांना जिन्याचे दोन मजले चढायला मनाई आहे, ते.

माझ्या बुटापासून जेमतेम वीतभर अंतरावर चार अंडी होती. मातीच्या रंगाची, वर काळे-तपकिरी ठिपके. टिटवी घरटं असं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर उथळ खळग्यात अंडी घालते. दगडांत दगडासारखी दिसणं एवढंच त्यांचं संरक्षण. बाबांनी लांबूनच ओळखलं होतं, कारण ते हळू चालत होते आणि पक्षी कुठे उतरतो, कुठून उठतो ते बघत होते.

मी जपून बाहेर आले. बाबा एका दगडावर बसले, एक हात छातीवर. दहा मिनिटं त्यांचा श्वास खाली बसेना. त्या दहा मिनिटांत मी काय काय बोलले देवाशी, ते इथे लिहीत नाही. मग ते म्हणाले, "काहून एवढी पळून राहिली होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला रडू येतंय हे बघून त्यांनी विषय बदलला. कुरुक्षेत्रावर हत्तीच्या गळ्यातली घंटा तुटून पडली आणि तिच्याखाली टिटवीची अंडी वाचली, ही कीर्तनातली गोष्ट मला सांगत बसले.

रात्री पोथी काढली. अहिंसा माणसाच्या अवयवांत कशी दिसते हे सांगताना माउली सुरुवात पावलांपासून करतात. बोलणं, नजर, हात हे सगळं नंतर. पाण्यातली लहर फुटू नये, संथपणा मोडू नये अशा बेतानं बगळा पाय टाकतो. कमळातला केसर चुरगळेल या शंकेनं भुंगा हलकेच बसतो. तसंच त्या माणसाचं चालणं. कणाकणात लहान जीव आहेत हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो करुणेनं पाय ठेवतो. बगळ्याचा दृष्टांत वाचून मी थोडी अडखळले, कारण बगळा तर शिकारीवर टपलेला असतो. पण माउलींना त्याची नीयत दाखवायची नसावी, त्याचं लक्ष दाखवायचं असावं. त्याचा पाय आणि त्याची नजर एकाच ठिकाणी असतात.

आणि ह्याच प्रकरणात ते म्हणतात की अहिंसा आधी मनात उगवते, मग हातापायांत उतरते. हे वाक्य मी निरूपणात त्याच सकाळी ऐकलं होतं. बहुतेक पहिल्या वळणावर, बाबा मागे पडले तेव्हा. त्या वाटेवर माझ्या मनात काय उगवलं होतं, ते वर लिहिलंच आहे. माझं पाऊल अंड्यांजवळ नंतर पोचलं.

आज पुन्हा गेलो होतो. बाबा पुढे, मी मागे, घड्याळ घरी. सायकल आली की मी "बाबा, डावीकडे" म्हणायचं, एवढंच माझं काम. टिटवी जागेवर बसलेली होती. आम्ही बरंच लांब थांबलो, ती उठली नाही. तिथून पुढे बाबांना दम लागायला लागला, म्हणून फेरी अर्धी टाकून आल्या वाटेनंच परत फिरलो.

श्लोकातला पुढचा शब्द क्षांती. सहन करणं, क्षमा करणं. त्यावर उद्या. आधी बाबांना विचारते, मग लिहिते.